नागपूरच्या उन्हात जुनी कास्ट आयर्न बुलेट: यंत्रणा समजून घेऊन लांबच्या प्रवासाची तयारी

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवरून लांब जायचे ठरले की नागपुरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर बसवा, गाडी पळेल. दुसरा म्हणजे बुलेटला काही होत नाही, किक मारा आणि निघा. या दोन्ही सल्ल्यांपायी मी उमेदीच्या काळात बरेच पैसे आणि बरेच रविवार घालवले आहेत. पुढे एकेक भाग उघडून पाहिल्यावर लक्षात आले की हे यंत्र एका ठरावीक चालीसाठी आखलेले आहे आणि त्या चालीत ते खरोखरच दिवसभर न कुरकुरता चालते. म्हणून प्रवासाची तयारी करायची ती गाडी अधिक जोरकस करण्यासाठी नव्हे. प्रत्येक जुळवणी मूळ मापावर आणून ठेवायची आणि विदर्भातल्या उष्णतेसाठी थोडी मोकळीक राखायची, एवढेच करायचे आहे. खालील क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. तो शक्यतो मोडू नये, कारण पुढची बरीचशी कामे मागच्या कामावर अवलंबून आहेत.

गाडी कोणती आहे ते आधी पाहा

‘बुलेट’ हे नाव रॉयल एनफिल्डने १९३२ मध्ये प्रथम वापरले. तथापि आपल्याकडे रुळलेली बुलेट ही १९४९च्या मॉडेलची वंशज आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि दोन शॉकअॅब्सॉर्बर ही त्या काळी नवलाई होती. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिच येथील मूळ कंपनी यांच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, पण हे इंजिन आपल्याकडे किरकोळ फेरबदलांसह २०१०च्या सुमारापर्यंत तयार होत राहिले. त्यामुळे ‘जुनी बुलेट’ म्हणून समोर आलेली गाडी सहा व्होल्टची आहे की बारा व्होल्टची, पुढचा ब्रेक कोणत्या जातीचा आहे आणि इंजिन खरोखर कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) बॅरलचे, म्हणजे सिलिंडरचे, आहे की नंतरचे अॅल्युमिनियमचे, हे आधी नक्की करावे. कास्ट आयर्न इंजिनाचे सिलिंडर लोखंडी आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते, आणि गिअरबॉक्स ही इंजिनाच्या मागे बोल्टने जोडलेली वेगळी पेटी दिसते.

कागदपत्रांचा एक मुद्दा इथेच निकालात काढतो. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. त्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षांची असते. ऐकायला हे रुबाबदार वाटते, परंतु अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्याला पचमढीला जायचे आहे त्याने साध्या नोंदणीचे वेळच्या वेळी नूतनीकरण करून घ्यावे आणि इंजिन व चॅसिसचे क्रमांक आरसी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत.

इंजिनाची चाल आणि तिचे गणित

या इंजिनात पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, ९० मिलिमीटर आहे. यांवरून सिलिंडरचे आकारमान ३४६ सीसी येते. व्यासापेक्षा स्ट्रोक मोठा असलेले इंजिन कमी फेऱ्यांत भरपूर ओढते, परंतु फेऱ्या वाढवल्या की पिस्टनला तेवढ्याच वेळात फार मोठे अंतर कापावे लागते. मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना पिस्टन एका मिनिटात ५४० मीटर जा-ये करतो; ५,००० फेऱ्यांवर हेच अंतर ९०० मीटर होते. प्रत्येक टोकाला त्याला थांबून उलटे फिरायचे असते आणि त्या वेळी कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. याचा अर्थ असा की ३,००० वरून ४,५०० फेऱ्यांवर गेल्यास वेग दीडपट होतो, पण ताण सव्वादोन पट होतो. कंपनीने १८ अश्वशक्तीचा आकडा ५,६२५ फेऱ्यांवर दिला आहे, हे खरे. मात्र ती चाचणीच्या बाकावरची कमाल मर्यादा आहे. प्रवासाची चाल त्याच्या निम्म्याच्या आसपासची. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० ते ६५ किलोमीटरला इंजिन शांतपणे त्या पट्ट्यात बसते.

रॉडच्या मोठ्या टोकाला या जुन्या बुलेटमध्ये मुळात तरंगती बुश असते, म्हणजे पांढऱ्या धातूचा थर असलेली आणि दोन्ही बाजूंनी ऑइलच्या पातळ पडद्यावर फिरणारी कडी. ही योजना अत्यंत मऊ चालते. तिची अट एवढीच की ऑइलचा पुरवठा स्वच्छ आणि अखंड हवा. अनेक गाड्यांत मागील मालकाने ती काढून रोलर बेअरिंग बसवलेले असते. त्यात वावगे काही नाही, पण आपल्या गाडीत काय आहे हे विचारून घ्यावे.

आता उष्णतेकडे वळू. लोखंडी ओतीव बॅरल उष्णता बाहेर टाकते ती अॅल्युमिनियमच्या साधारण एक-तृतीयांश वेगाने. पिस्टन मात्र अॅल्युमिनियमचा असतो, आणि तो तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. बाहेर ४५ अंश, खाली तापलेला सिमेंटचा रस्ता, समोर रहाटे कॉलनी चौकातला सिग्नल आणि हवा अजिबात न लागणारे इंजिन अशी स्थिती असेल तर पिस्टन आणि बॅरल यांमधली फट किती उरत असेल याचा विचार करावा. पिस्टन जाम होण्याच्या बहुतेक कहाण्या इथूनच सुरू होतात. म्हणून बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून नव्या मापाला कापणे, करून घेताना अनुभवी टर्नरला गाडी उन्हाळ्यात लांब चालणार आहे हे स्पष्ट सांगावे, फट मूळ मापाच्या सैल टोकाला ठेवायला सांगावी आणि नवीन पिस्टनवर पहिले पाचशे किलोमीटर ताशी ५०च्या आत, एकाच वेगाला चिकटून न राहता, काढावेत.

पहिले काम: ऑइल

इतर काहीही उघडण्यापूर्वी ऑइलची व्यवस्था समजून घ्यावी. बुलेटचे इंजिन ड्राय संप पद्धतीचे आहे, म्हणजे ऑइल क्रँकच्या तळाशी न साठवता टाकीत ठेवले जाते. ऑइलची टाकी वेगळी टांगलेली नसून क्रँककेसच्या ओतकामातच मागच्या बाजूला घडवलेली आहे. उजवीकडच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात. एक टाकीतून ऑइल उचलून फिल्टरमार्गे क्रँककडे पाठवतो आणि दुसरा खाली साचलेले ऑइल खेचून बाहेरच्या बारीक नळ्यांतून हेडमधल्या रॉकरना (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) देतो व उरलेले टाकीत परत सोडतो.

या रचनेतून एक गैरसमज पैदा होतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की टाकीतले ऑइल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या खोलीत उतरते. मालक सकाळी डिपस्टिक पाहतो, पातळी कमी दिसते, तो अर्धा लिटर ओततो, किक मारतो आणि गाडी निळा धूर सोडत ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) ऑइल ओकू लागते. मग पिस्टनच्या रिंगा गेल्या असे निदान होते आणि विनाकारण इंजिन उघडले जाते. पातळी पाहायची ती गाडी पाच-सात मिनिटे चालवून, बंद करून, मुख्य स्टँडवर लावल्यानंतर.

प्रवासापूर्वी ऑइल बदलताना गाडी गरम असावी. खालचे सर्व निचऱ्याचे बोल्ट काढावेत. केवळ टाकीचा बोल्ट काढला तर क्रँककेसमधला गाळ तसाच राहतो. टायमिंग कव्हरच्या तळाशी असलेला फिल्टर बदलावा आणि झाकण लावताना वॉशर, स्प्रिंग जसे निघाले तसेच परत बसवावेत. नागपूरच्या हवेत २०डब्ल्यू-५० ऑइल मला सर्वांत रुचले आहे. नवीन ऑइल भरून इंजिन मंद चालू ठेवावे आणि रॉकरच्या नळीचा वरचा पोकळ बोल्ट किंचित सैल करून पाहावा. तिथे ऑइल पाझरले तर फेरा पूर्ण होतो आहे. ते येईपर्यंत फेऱ्या वाढवू नयेत. मिनिटभरात आले नाही तर इंजिन बंद करून कारण शोधावे. त्या दिवशी दुसरे कुठलेही काम हाती घेऊ नये.

ऑइलगळतीविषयी एक शब्द. बुलेट थोडी पाझरतेच, असे मानून बसणाऱ्यांपैकी मी नाही. बहुतेक वेळा गास्केट निर्दोष असते आणि ब्रीदरची नळी किंवा तिच्या टोकाचे रबर कडक होऊन बंद झालेले असते. पिस्टन खाली येताना दाबलेली हवा मग प्रत्येक सांध्यातून ऑइल बाहेर ढकलते. आधी पाच मिनिटे ब्रीदरला द्यावीत.

टॅपेट, मग पॉइंट, मग कार्ब्युरेटर

हा क्रम महत्त्वाचा आहे. टॅपेट (पुशरॉडमार्फत व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि त्याची लक्षणे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बिघडल्यासारखी दिसतात. पॉइंट (ठिणगी पाडणारे विजेचे संपर्क) बिघडलेले असतील तर कार्ब्युरेटर कितीही पिळला तरी गाडी एकसारखी चालत नाही.

टॅपेटसाठी इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. प्लग काढून, चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने फिरवीत पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. उजव्या बाजूला बॅरलच्या पायथ्याशी टॅपेटचे छोटे झाकण आहे. ते काढले की पुशरॉडची खालची टोके दिसतात. जुळवणी इथेच होते, वर रॉकरवर नव्हे. खालचा भाग पान्याने धरून मधले लॉकनट सैल करावे आणि पुशरॉड दोन बोटांत धरून गोल फिरवला असता मोकळा फिरेल, परंतु वर-खाली हलवला असता मुळीच खडखडणार नाही, अशा जागी आणून लॉकनट आवळावे. आवळताना जुळवणी हमखास सरकते, तेव्हा पुन्हा फिरवून पाहावे. ‘थोडा आवाज असलेला बरा’ असे काही मिस्त्री म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह जळतो, सैल राहिला तर फक्त टकटकतो. शंका असेल तर सैल बाजूला राहावे.

इथे पान्यांचा मुद्दा येतो. जुन्या गाड्यांत अनेक नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे आहेत. त्यांना मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावला की कोपरे झिजून नट गोल होतो. योग्य मापाचे पाच-सहा पाने इतवारीत शोधले तर आजही मिळतात, आणि ते ज्याच्याकडे आहेत त्याच्या गाडीचे नट वीस वर्षांनीही कोपरेदार राहतात.

पॉइंटच्या झाकणाखाली संपर्काचे दोन तुकडे, कंडेन्सर आणि वेगानुसार ठिणगी पुढे सरकवणारी वजनांची जोडी असते. संपर्क काळवंडलेले असतील तर बारीक कानशीने सपाट करावेत, खड्डा पडला असेल तर संच बदलावा. पूर्ण उघडलेल्या स्थितीत फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी आणि ती फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून आधी फट आणि नंतर टायमिंग. टायमिंगचे माप आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावे आणि संपर्कांमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून तो नेमका कोणत्या क्षणी सुटतो ते पाहावे. टायमिंग फार पुढे राहिले तर उतावीळ किक घोट्यावर उलटते आणि चढावर इंजिन खडखडून तापते. मागे राहिले तर गाडी सुस्त होते आणि सायलेन्सरची नळी निळी पडते.

कंडेन्सर मात्र डोळ्यांनी तपासता येत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सिवनीच्या वाटेवर, कुरईच्या घाटात, माझी गाडी दर वीस मिनिटांनी बंद पडू लागली. सावलीत उभी केली की पहिल्या किकला सुरू होई आणि दोन वळणे चढली की पुन्हा गप्प. मी रस्त्याच्या कडेला कार्ब्युरेटर तीनदा उघडला, पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल ठेवून पाहिले, प्लग दोन बदलले. दोष होता तो तापल्यावर दम सोडणाऱ्या त्या बोटभर कंडेन्सरचा. ‘गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू’ हे लक्षण दिसले की तेव्हापासून मी आधी कंडेन्सर आणि मग इग्निशन कॉइल बदलून पाहतो.

कार्ब्युरेटर बहुतेक गाड्यांत २४ मिलिमीटरचा मिककार्ब असतो. तो पेट्रोलने धुऊन जेटमधून हवा फुंकावी. जेटमध्ये तार घालू नये. मंद चालीचा एअर स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड फेरा सोडावा आणि गरम इंजिनावर तिथून थोडे पुढे-मागे करून सर्वांत स्थिर चाल शोधावी. त्यानंतरचा निकाल प्लगच्या रंगावर लावावा. आठ-दहा किलोमीटर प्रवासाच्या वेगाने जाऊन, थ्रॉटल तशीच असताना क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढावा. बिस्किटी रंग उत्तम, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. उन्हाळ्यात पांढरा प्लग म्हणजे संकटाची सूचना समजावी. अशा वेळी कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली सरकवावी, म्हणजे सुई वर उचलली जाऊन मिश्रण जाड होते. हेच पेट्रोल जुन्या रबराला फुगवते आणि टाकीत पाणी धरून ठेवते, म्हणून पेट्रोलची नळी नवीन घालावी आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. पेट्रोलचा कॉक प्रत्येक थांब्यावर बंद करण्याची सवय लावून घ्यावी. फ्लोटची सुई गळकी असेल तर रात्रभरात पेट्रोल इंजिनात उतरून ऑइल पातळ करते.

शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते

डावीकडच्या चेनकेसमध्ये दुपदरी प्रायमरी चेन, क्लच आणि अल्टरनेटर एकत्र राहतात. त्याचे संपूर्ण झाकण मधल्या एकाच मोठ्या नटवर बसते, ही मला या गाडीतली सर्वांत आवडती रचना. नट अतिशय आवळला तर झाकण मुडपते आणि गळती वाढते; सांध्यातले रबर नवीन असेल तर बेताचा आवळ पुरतो. चेनला अंदाजे ६ मिलिमीटर ढील असावी. ती मोजताना इंजिन फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते. ढील नेहमी घट्ट जागेवर मोजावी. ऑइल लेव्हल-स्क्रूपर्यंतच भरावे, कारण त्यापेक्षा जास्त भरले तर क्लच घसरतो.

चार गिअरचा बॉक्स उजव्या पायाचा आहे. पहिला वर, उरलेले तीन खाली, आणि ब्रेक डाव्या पायाला. नव्या गाड्यांची सवय असलेल्याने पहिले दोन दिवस शहराच्या गर्दीत जाऊ नये. घाबरल्या क्षणी पाय चुकीच्या बाजूला दाबला जातो, हे मी पाहिले आहे. टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून थेट न्यूट्रलला आणतो. सिग्नलवर क्लच धरून उभे राहण्यापेक्षा तो वापरावा, क्लचही वाचतो आणि हातही. बॉक्समध्ये पातळ ऑइल टिकत नाही. जुनी पद्धत अर्धपातळ ग्रीसची आहे आणि तीच चांगली.

मागची चेन मुख्य स्टँडवर पाऊण ते एक इंच ढिली असावी. दोन्ही बाजूंच्या गोगलगायीच्या आकाराच्या चकत्या सारख्याच खाचेवर फिरवल्या म्हणजे चाक सरळ बसते. मागच्या हबमध्ये धक्का शोषणारे रबरी ठोकळे आहेत. चेन नवी असूनही गाडी झटके देत असेल तर ते तपासावेत.

सांगाडा, चाके आणि ब्रेक

बुलेटच्या फ्रेमला खालून पाळणा नाही. पुढची नळी इंजिनाशी येऊन थांबते आणि इंजिन व गिअरबॉक्स हेच फ्रेमचा खालचा दुवा होतात. त्यामुळे इंजिन धरणारा एखादा बोल्ट सैल झाला तर आवाज वाढतोच, शिवाय पूर्ण गाडीची सरळ रेषा ढळते. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनचे वजन फ्लायव्हीलच्या साह्याने अंशतःच तोलता येते, राहिलेला थरकाप प्रत्येक नटाला रोज थोडा उलटा फिरवत असतो. हेडपासून फ्रेमला जाणारी पट्टी, इंजिनाच्या मागच्या प्लेटा, फूटरेस्ट, सायलेन्सरचे कान आणि मडगार्डचे बोल्ट हे सर्व पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

मुख्य स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल अलगद फिरवावे. मध्यभागी अडखळत असेल तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला आहे. स्विंगआर्म आडवा हलवून बुशची खडखड पाहावी. स्पोकवर पान्याने टिचकी मारावी, सैल स्पोक बोदा वाजतो. टायरमध्ये पुढे १८ आणि मागे २८ पाउंड हवा ठेवावी, मागे माणूस किंवा सामान असेल तर ३२. पहाटे, टायर थंड असताना.

ब्रेकविषयी आशा माफक ठेवावी. जुने ड्रम ब्रेक घाटात सलग दाबले की तापून निष्प्रभ होतात. शू झिजले नसतील तरी चकचकीत झालेला पृष्ठभाग सँडपेपरने घासावा, केबल नवी घालावी आणि उतरणीवर ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे.

किक मारण्याची रीत

टायमिंग बरोबर असलेली बुलेट ताकदीने सुरू होत नाही, नेमक्या जागी मारलेल्या किकने होते. चावी फिरवून किक सावकाश दाबत न्यावी आणि हेडलाइटच्या घरात बसवलेल्या अॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा पाहावा. पॉइंट मिटलेले असताना तो वजाकडे झुकतो आणि उघडताच मध्यावर येतो. पाय अडला आणि काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारी कळ) ओढून किक किंचित पुढे सरकवावी, मग डिकॉम्प्रेसर सोडून, किक वर येऊ देऊन, एकच पूर्ण किक मारावी. थ्रॉटल बंद. हे एकदा अंगवळणी पडले की धंतोलीतल्या शेजाऱ्यांना पहाटे पाचला सहा-सात किकांचा त्रास होत नाही.

चाचणीच्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष रस्ता

सर्व जुळवण्या झाल्यावर लगेच दूर जाऊ नये. पहिली फेरी रामटेकची करावी, जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर. खिंडसीच्या काठावर थांबून बॅरलभोवती, चेनकेसखाली आणि रॉकरच्या झाकणांवर कोरडा कपडा फिरवावा आणि कुठे ओल आली ते लिहून ठेवावे. दुसरी फेरी कुरईच्या घाटापर्यंत, सामान बांधून. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या या महामार्गाला वन्यप्राण्यांसाठी उंच पूल बांधलेले आहेत. त्यांवर आडवा वारा लागतो आणि सामान नीट बांधले नसेल तर तिथेच कळते. जड वस्तू खाली आणि मागच्या अॅक्सलच्या पुढे असाव्यात. कॅरिअरच्या शेपटाला लटकवलेले दहा किलो वजन पुढचे चाक हलके करते.

तिसरी फेरी म्हणजे पचमढी: सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली. संत्र्यांच्या बागांमधून निघणारा आणि सातपुड्यात चढत जाणारा हा रस्ता या गाडीच्या स्वभावाला इतका मानवतो की वेग वाढवण्याची इच्छाच होत नाही. चिखलदऱ्याला अमरावती-परतवाड्यावरून जावे. समृद्धी महामार्गाचा विचार करू नये, तिथे दुचाकींना प्रवेश नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पहाटे पाचला निघून अकराच्या आत गाडी सावलीला लावावी. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) शक्यतो निघूच नये. दर ६० ते ७० किलोमीटरला पंधरा मिनिटे थांबावे. थांबताना इंजिन लगेच बंद करावे, उभ्या गाडीला हवा लागत नाही. चालताना ओढ अचानक कमी झाली, आवाज कोरडा झाला किंवा गाडी कोणीतरी मागे धरल्यासारखी वाटली तर पिस्टन धरू लागला आहे असे समजून त्याच क्षणी क्लच दाबावा, थ्रॉटल बंद करावी आणि कडेला घ्यावे. बॅरलवर पाणी ओतू नये. तापलेले ओतीव लोखंड तडकते. अर्धा तास थांबून, ऑइल पाहून, किक हाताने मोकळी फिरते याची खात्री झाल्यावरच पुढे निघावे, आणि तेही ताशी ४०ने.

सोबत क्लच व थ्रॉटलच्या केबली, पॉइंटचा संच, कंडेन्सर, दोन प्लग, चेनचे लॉक, फ्यूज, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, फीलर गेज, बाइंडिंग वायर, एम-सील आणि एक लिटर ऑइल एवढे असावे. नवी केबल जुन्या केबलीला समांतर बांधून ठेवण्याची युक्ती फार उपयोगी आहे, तुटल्यावर फक्त टोके बदलायची. पेट्रोलची टाकी वाटेत झिरपू लागली तर भेगेवर साबणाची वडी घासावी; गावातला वेल्डिंगवाला सापडेपर्यंत ती पुरते.

परत आल्यावर गाडी गरम असतानाच धुऊ नये. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा फिरवून पाहावेत, हेड आणि इंजिन-प्लेटांचे नट तपासावेत, मागच्या चेनची ढील मोजावी आणि ऑइल किती उतरले ते किलोमीटरसह वहीत लिहावे. माझ्या वहीप्रमाणे दर दोन हजार किलोमीटरला ऑइल बदलतो. पचमढीची एक फेरी आणि मधली शहरातली धावपळ धरली तर पुढचा बदल साधारण पोळ्याच्या आसपास येतो.